चॅम्पियन कोणाकडचे?

"इवाई, शनिवारी झेंडू लागते. छोटा हत्ती भरूनच आना," अकोल्याहून व्याही पुंजाराम उमाळे फोनवर गरजले. "आपला योगेश चॅम्पियन होऊन रायला. सत्कार ठेवला हाय."

"हो जी. आनतो ना," असं म्हणून भगवंतराव होल्यांनी फोन खिशात घातला आणि ते बांधावरच मटकन बसले.

झेंडूची त्यांना चिंता नव्हती. अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फुलांचा मळा होता आणि भर उन्हाळ्यातही ठिबकवर झेंडू डवरलेला होता. चिंता होती ती चॅम्पियनची. योगेश चॅम्पियन होऊ नये असं मनापासून वाटणारी जी काही माणसं या भूतलावर होती, त्यांत योगेशचे सासरे, म्हणजे खुद्द भगवंतराव, आघाडीवर होते.

जावयाचं वाईट चिंतणारा सासरा म्हटला की लोक लगेच नको ते तर्क करतात. इथे तसं काही नव्हतं. योगेश गुणी मुलगा होता. तो स्कॉटलंडमध्ये इन्व्हरडफ नावाच्या गावातल्या फुटबॉल क्लबात फिजिओथेरपिस्ट होता. खेळाडूंचे लचकलेले पाय ताळ्यावर आणायचा. भगवंतरावांची रागिणीही त्याच देशात, पण गाडीने पाच तासांवर, ग्लेनकार नावाच्या गावच्या क्लबात होती. सामन्याचं चित्रीकरण करायचं, कोणाचं कुठे चुकलं ते शोधायचं आणि खेळाडूंना पडद्यावर दाखवायचं, हे तिचं काम. रागिणीच्या आईने, शकुनने, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

"दुसऱ्याच्या चुका काढाचा पगार देतेत?" ती म्हणाली होती. "मंग पोरगी लहानपनापासून आपल्या घरी फुकटच राबली म्हना."

आता झालं असं होतं, की इन्व्हरडफ आणि ग्लेनकार हे दोन्ही क्लब एकाच दर्जात खेळत होते आणि हंगामाचा शेवटचा शनिवार तेवढा उरला असताना दोघांचे गुण सारखे झाले होते. गोलफरक तेवढा जावयाच्या बाजूने तीन गोलांनी जास्त होता, आणि शेवटचे सामने दोघांचे वेगवेगळ्या क्लबांशी होते. तो दर्जा होता चौथा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉलातला अगदी तळाचा. भगवंतरावांनी शकुनला तो आपल्या पद्धतीने समजावून दिला होता.

"सगळ्यात वर मंत्रालय. त्याच्या खालती जिल्हा परिषद. त्याच्या खालती पंचायत समिती. अन् सगळ्यात खालती ग्रामपंचायत. हे आपलं ग्रामपंचायतीचं हाय."

"मंग इतका जीव कायले टाकता?"

"अवो, खरी चुरस ग्रामपंचायतीलेच रायते!"

आणि जीव टाकला होता हे खरंच होतं. रागिणीने त्यांच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी शेडमध्ये फुलं भरता भरता भगवंतराव फोन बादलीला टेकवून ठेवत आणि ग्लेनकारचा गोल झाला की फोन जी किंकाळी फोडी, तिची वाट पाहत. ग्लेनकारचा गोलकीपर पोस्टमन आहे आणि कप्तान फ्रिज दुरुस्त करतो हे त्यांना पाठ होतं. क्लबच्या छातीवरचं निळं-जांभळं काटेरी फूल पाहून तर त्यांना हसूच आलं होतं, कारण ते थेट आपल्याकडच्या उटकटाऱ्यासारखं होतं. जे तण आपण बांधावरून उपटून फेकतो, त्याचं चित्र लावून तिकडे लोक छाती पुढे काढून पळत होते. पण रागिणीच्या क्लबचं म्हटल्यावर भगवंतरावांनी त्या वर्षी बांधावरचे दोन उटकटारे तसेच राखले.

मग रागिणीचा तो फोन आला होता.

"बाबा, आमचं दोघायचं ठरलं. दोन गावात दोन घरं असं किती दिवस करणार? जो क्लब चॅम्पियन होईल तो वरच्या दर्जात जाईल, तिथली नोकरी पक्की होईल. मंग दुसऱ्यानं आपली सोडून तिकडं राहाले जाचं. फक्त अकोल्यात सांगू नका, तिथले आई-पप्पा उगाच टेन्शन घेतील."

म्हणजे योगेश चॅम्पियन झाला तर रागिणीची नोकरी गेली. सुरुवातीला ज्या पोरीचं बोलणं तिथले धिप्पाड खेळाडू जांभया देत ऐकत, तिला आता कप्तान सामन्याआधी येऊन विचारत होता, की आज मी कुठे उभा राहू. हे सगळं सोडून तिने इन्व्हरडफला जाऊन रिकामं बसायचं, या विचाराने भगवंतरावांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि हे बोलणार कोणाजवळ? ते पडले मुलीकडचे. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, तरी अकोल्याच्या उमाळ्यांपुढे त्यांच्या तोंडून "हो जी" याच्या पलीकडे शब्द फुटला नव्हता.

शनिवारी दुपारी छोटा हत्ती टेम्पो झेंडूने भरला, त्यावर ओलं पोतं टाकलं आणि बडनेरा, मूर्तिजापूर करत नवरा-बायको अकोल्याला निघाली. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

"तिथं तोंड सांभाळा," शकुनने वाटेत बजावलं. "गोल झाला की नाचान."

"मी नाचत असतो काय?"

"मांगल्या शनिवारी शेवंतीचं कॅरेट लाथाडलं कोनं?"

यावर भगवंतरावांनी हॉर्न वाजवला. समोर कोणीच नव्हतं.

पुंजारामजी अकोल्याच्या भाजीबाजारातले नावाजलेले अडते. त्यांचं सगळंच घाऊक असे. घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मंडप पडला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, संदलचे ढोल वाजवणारी मंडळी आली होती आणि लग्नात लावतात तसला प्रचंड पडदा उभा केला होता. कोपऱ्यावर फ्लेक्स लागला होता: "स्कॉटलंड चॅम्पियन योगेशभाऊ उमाळे यांचे हार्दिक अभिनंदन." चौथ्या दर्जाचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. फोटो लग्नातला होता. त्यातून रागिणीला कापून काढलं होतं, पण कापणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे योगेशच्या खांद्यावर हिरव्या चुड्याचा एक हात तेवढा शिल्लक राहिला होता.

"इवाई, मॅच तं अजून व्हाचीच हाय ना जी?" भगवंतरावांनी चाचरत विचारलं.

"व्हाचं काय त्याच्यात? गोलफरक आपल्या बाजूनं हाय. मानसं बोलावली, नगरसेवक येऊन रायले. आता ते हारतेत काय?" पुंजारामजी म्हणाले, जणू अकोल्यात पत्रिका वाटल्यावर स्कॉटलंडमध्ये कोणाची हरायची हिंमत होणार नव्हती.

तिथे दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. सव्वासातपर्यंत मंडप भरला. पुढच्या रांगेत मनोज बोचरे पाय पसरून बसला होता. बाजारात त्याचं दुकान पुंजारामजींच्या अगदी समोर, आणि पुंजारामजींची फजिती पाहायला मिळेल अशा कुठल्याही कार्यक्रमाला तो वेळेआधी हजर असे. तेवढ्यात पडदेवाला घाम पुसत आला.

"काका, सारे चॅनेल पाहिले. तुमची मॅच कुठंच लागून नाई रायली. एकावर क्रिकेट हाय, एकावर कीर्तन हाय. कीर्तन लावू काय?"

चौथ्या दर्जाचा सामना कुठलीच वाहिनी दाखवत नाही ही गोष्ट भगवंतरावांना वर्षभर ठाऊक होती. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पडद्यावर मग योगेशचाच फोटो लावला, चुड्याच्या हातासकट, आणि लोक त्याच्याकडे पाहत वारा घेऊ लागले.

"काय पुंजारामभाऊ," मनोजने आवाज दिला, "हा फोटो पायाले बोलावलं काय?"

पुंजारामजींचा चेहरा उतरला. नेमक्या त्याच वेळी शकुन बायकांच्या घोळक्यातून, केवळ विहिणीला बरं वाटावं म्हणून, म्हणाली, "आमच्या यायच्या मोबाइलमंदी येते ना स्कोर." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, पण विहीणबाईंनी, गोदाबाईंनी, ते ऐकून यजमानांना सांगूनही टाकलं होतं. पुढच्या मिनिटाला भगवंतराव स्टेजवर होते, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात माइक.

"आमचे इवाई आता थेट स्कॉटलंडहून सांगतीन," पुंजारामजींनी जाहीर केलं. "गोल झाला की यायनं गोल म्हनाचं, अन् तुमी फटाक्यायची लड लावाची."

"इवाई, मी काय म्हंतो..."

"काई म्हनू नका. तुमी फक्त गोल म्हना."

सामना सुरू झाला. भगवंतरावांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं: इन्व्हरडफचा गोल झाला की मोठ्याने सांगायचं, ग्लेनकारचा झाला की ओठ शिवायचे. साधी गोष्ट होती. पण अ‍ॅप रागिणीने लावून दिलेलं होतं आणि ते फक्त ग्लेनकारच्या गोललाच ओरडे. इन्व्हरडफचं काय चाललंय हे पाहायला दोन वेळा बोट सरकवावं लागे. ते बोट सरकवतच होते, तोच सनईच्या पिपाणीला कोणी चिमटा काढावा तशी फोनने किंकाळी फोडली आणि वर्षभराच्या सवयीने भगवंतराव स्टेजवरच्या स्टेजवर टुणकन उडाले.

"गोऽऽल! गोल झाला रे बापा!"

ते माइकवर होते हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर पहिली लड पेटली होती. संदलवाल्यांनी असा ठेका धरला की मांडवाच्या कनाती थरथरल्या. पुंजारामजींनी धावत येऊन त्यांना मिठी मारली. लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी मिठी मारली नव्हती. नुसता हात पुढे केला होता.

"इवाई! आज कळलं मले, तुमचा योगेशवर किती जीव हाय!"

या मिठीत सापडलेल्या माणसाने, तो गोल आमच्या रागिणीचा आहे, असं कसं सांगावं? बायकांच्या रांगेतून शकुन डोळे वटारून पाहत होती. भगवंतरावांनी घाईघाईने हिशोब केला: थोड्या वेळात इन्व्हरडफचाही गोल होईल, तेव्हा आपण गप्प बसू. म्हणजे सांगितलेला एक आणि झालेला एक, सगळं बरोबर जमेल. हा विचार त्यांना इतका चांगला वाटला की ते अकोल्यात आल्यापासून पहिल्यांदा ग्लासभर पाणी प्यायले.

दोनदा बोट सरकवलं. इन्व्हरडफवर गोल झाला होता. जावई शून्य-एक असा मागे होता.

"काय झालं?" पुंजारामजींनी विचारलं. "तोंड काहून उतरलं?"

"काई नाई जी. पोट्टे पानी पिऊन रायले."

मध्यंतरात चहा झाला. नगरसेवकांनी भाषण करून घेतलं. त्यात स्कॉटलंडचं नाव एकदा आणि स्वतःचं सात-आठ वेळा आलं. शकुन चहा देण्याच्या निमित्ताने स्टेजपाशी आली.

"खरा काय स्कोर हाय?" ती कुजबुजली.

"आपली पोरगी एक-शून्य. जावई शून्य-एक."

शकुनच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते तिने पदराने पुसलं. "अन् यायले काय सांगतलं तुमी?"

"मी कुठं काय सांगतलं? मी गोल म्हनलं."

"आता अजून काई म्हनू नका. फोन बंद करून टाका."

सल्ला चांगला होता. पण स्टेजवरच्या माणसाला फोन बंद करता येईना, कारण मांडवातला प्रत्येक डोळा त्या फोनवर होता. उत्तरार्ध सुरू झाला आणि पुन्हा किंकाळी आली. या वेळी भगवंतरावांनी ओठ आवळले, दात आवळले, श्वाससुद्धा आवळला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"फोन वाजला!" मागून कोणीतरी ओरडलं. "गोल!"

लोकांना आता भगवंतरावांची गरजच उरली नव्हती. दुसरी लड लागली. गोदाबाईंनी पेढ्यांचं खोकं उघडलं. पुंजारामजी मनोजच्या खुर्चीपुढे जाऊन मुद्दाम दोन वेळा नाचले.

थोड्या वेळाने भगवंतरावांनी बोट सरकवलं आणि पाहतात तो इन्व्हरडफने गोल फेडला होता. एक-एक. शेवटी एकदाचं खरं बोलायची संधी आली होती. त्यांनी माइक तोंडाशी धरला.

"गोल," ते म्हणाले.

कोणी हललं नाही.

"गोल झाला. योगेशच्या क्लबचा."

"फोन तं वाजला नाई," पडदेवाला म्हणाला.

"इवाई, खुशीत चुकून रायले तुमी," पुंजारामजी प्रेमाने म्हणाले. "फोन वाजल्याबिगर म्हनू नका. फटाके मोजकेच हायत."

अशा रीतीने त्या संध्याकाळी जावयाच्या क्लबने केलेला एकुलता एक गोल अकोल्याने नामंजूर केला.

शेवटची काही मिनिटं उरली होती. ग्लेनकार दोन-शून्य, इन्व्हरडफ एक-एक. असंच राहिलं तर रागिणी चॅम्पियन. भगवंतरावांनी पुन्हा बोट सरकवलं. इन्व्हरडफला पेनल्टी मिळाली होती. तो गोल झाला की पुन्हा गुण सारखे आणि गोलफरकावर योगेश चॅम्पियन.

भगवंतरावांनी डोळे मिटले. अंबादेवीला हात जोडायचे होते, पण हातात माइक होता. आई, ते मनात म्हणाले, जावयाले काई नको होऊ देऊ. त्याले औक्ष दे, त्याची भरभराट होऊ दे. फक्त ह्या एका बॉलपुरतं त्याच्याकडं पाहू नको. माह्या पोरीनं तीन वर्सं डोळे फोडून काम केलं हाय.

डोळे उघडले. चेंडू गोलखांबावरून थेट आकाशात गेल्याचं स्क्रीनवर लिहून आलं होतं. पाठोपाठ दोन्ही सामने संपल्याची शिट्टी वाजल्याचं.

मग भगवंतरावांना मांडव दिसेना, व्याही दिसेनात. "जिकलो!" त्यांचा आवाज फाटला. "जिकलो रे! चॅम्पियन झालो!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि त्या पाण्यात एक थेंबही खोटा नव्हता.

त्यानंतर जे झालं त्याला आवरणं कोणाच्याच हातात नव्हतं. छोट्या हत्तीतला सगळा झेंडू उधळला गेला. पुंजारामजींना लोकांनी खांद्यावर घेतलं, मग त्यांचं वजन लक्षात आल्यावर परत खाली ठेवलं. मिरवणूक निघणार, एवढ्यात पुंजारामजींचा फोन वाजला. पडद्यावर फोटो होताच, आता हातातल्या फोनवर खराखुरा योगेश दिसत होता.

"आला! चॅम्पियनचा व्हिडिओ कॉल आला!" पुंजारामजींनी भगवंतरावांच्या हातातला माइक ओढून फोनला लावला. "बोल बेटा! सारं अकोला ऐकून रायलं!"

"पप्पा," योगेशचा आवाज मांडवभर घुमला, "पप्पा, नाई झालं. एक-एक बरोबरी झाली. शेवटची पेनल्टी वाया गेली. आमी दुसरे आलो. रागिणीचा क्लब चॅम्पियन झाला."

संदलवाल्याचा हात वरच्या वर थांबला.

"अन् पप्पा, एक सांगाचं होतं. आमचं दोघायचं ठरलं होतं. आता मी इथली नोकरी सोडून तिच्या गावी राहाले जातो."

पेढा खाणारे पेढा तोंडात धरून थांबले. पुंजारामजींनी फोन खाली केला आणि ते हळूहळू भगवंतरावांकडे वळले.

"इवाई. मंग दोन घंटे तुमी काय सांगून रायले होते?"

पळायला वाट नव्हती. स्टेजला एकच जिना आणि त्यावर मनोज उभा होता.

"मी गोल सांगतले जी," भगवंतराव म्हणाले. "कोनाचे ते कोनी इचारलंच नाई. अन् तुमचा एक खरा सांगतला, तं तुमीच नाई म्हनलं."

मांडवात आधी एक जण खुदकन हसला, मग चार. मनोजने तर मांडीवर थापच मारली. "म्हंजे पुंजारामभाऊ, येवढे फटाके आपन कायचे फोडले? पोरगा दुसरा आला त्याचे, का पोरगा बायकोच्या मांगं चालला त्याचे?"

भगवंतरावांना वाटलं, संपलं. आता हे म्हणणार, आमच्या घरात असलं चालत नाही, नोकरी सुनेनेच सोडायची. पोरीने जिंकूनही हरायचं, आणि ते कोणामुळे, तर बापाच्या थोबाडामुळे. त्यांनी शकुनकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

पण बाजारात तीस वर्षं काढलेला अडत्या माल खराब निघाला म्हणून दुकान बंद करत नाही. पुंजारामजींनी मनोजकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, उधळलेल्या झेंडूकडे पाहिलं आणि माइक तोंडाशी नेला.

"कायचे म्हंजे? सुनेचे!" ते गरजले. "चॅम्पियन कोन झालं? रागिणी. रागिणी कोन हाय? उमाळ्यायची सून! चॅम्पियन आमच्याच घरी आला, बाहेर कुठं गेला? योगेश, ऐकून रायला ना बे? उद्याच्या उद्या सामान बांध अन् तिच्या गावी जाय. चॅम्पियनचा नवरा हाय तू, दुसऱ्या नंबरच्या गावात काय करतं?"

"अवो, पन पोरगा बायकोच्या गावी राहाले जाईल?" बायकांतून कोणीतरी हनुवटीला हात लावला.

"मी नाई काय आली यायच्या गावी?" गोदाबाई म्हणाल्या. "मेली काय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मनोजचा चेहरा शिळ्या मेथीसारखा पडला. भगवंतरावांना रडू फुटणार होतं, पण पुंजारामजी अजून बोलतच होते.

"हे वळन आमच्या घराचं हाय! अकोल्याचं पानीच तसं हाय! सून आमच्या घरी आली अन् चमकली! आज सुनेचे वडीलबी आपल्यात हायत. फुलं घेऊन आलते. त्यायच्यासाठीबी टाळ्या होऊन जाऊ द्या."

फुलं घेऊन आलते! तीन वर्षं "हो जी" म्हणून गिळलेलं सगळं भगवंतरावांच्या घशाशी आलं. ज्या पोरीने अकोल्यात लग्नानंतर जेमतेम पंधरवडा काढला, तिला म्हणे अकोल्याचं पाणी लागलं. त्यांनी व्याह्यांच्या हातातून माइक खेचून घेतला.

"पानी अमरावतीचं हाय!"

"इवाई, तुमी मुलीकडचे होय..."

"होय! मुलगी माही हाय! तिच्या क्लबच्या गोलकीपरचं नाव सांगा तुमी. कप्तान काय धंदा करते ते सांगा. नाई सांगता येत ना? मले सांगता येते. वर्सभर दर शनिवारी फुलं भरता भरता पाहून रायलो मी! तुमी तं तिले फोटोतून कापली!"

"तिले चुका काढाले मी शिकवलं!" शकुनने खालून ठणकावलं.

"अन् सासरी धाडली कोनाच्या?" गोदाबाईंनी तितक्याच जोरात विचारलं.

पुढचा बराच वेळ दोन प्रौढ गृहस्थ एका माइकला दोन बाजूंनी धरून स्कॉटलंडच्या चौथ्या दर्जाचं विजेतेपद अमरावती जिल्ह्यात जातं की अकोला जिल्ह्यात, यावर भांडत राहिले. संदलवाल्याने दोनदा विचारलं, "वाजवू का थांबू?" शेवटी गोदाबाईंनी माइकची वायर उपटली आणि पंगत बसवली.

जेवणं झाली, मंडप रिकामा झाला. भगवंतरावांनी रिकामी कॅरेटं टेम्पोत चढवली. राग ओसरला होता आणि त्याच्या जागी धास्ती येऊन बसली होती. व्याह्याच्या दारात, चारचौघांत, व्याह्याच्या हातातला माइक ओढला होता. शकुन शेजारी येऊन बसली.

गाडी सुरू करणार, तोच फाटक वाजलं. पुंजारामजी एकटेच बाहेर आले होते. डोक्यात झेंडूच्या दोन पाकळ्या अडकल्या होत्या. ते खिडकीशी येऊन उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि दोन्ही हात जोडले.

"इवाई," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पोरगं पाठवून रायलो तुमच्या रागिणीकडं. लाडात वाढलं हाय. घरकाम येत नाई त्याले. काई चुकलं-माकलं तं पोटात घाला."

तीन वर्षांपूर्वी रागिणीची पाठवणी करताना मांडवाच्या दारात हेच शब्द भगवंतराव स्वतः म्हणाले होते, अक्षरशः हेच, दोन्ही हात जोडून. त्यांचेही हात आपोआप वर निघाले. ते जोडले जाऊ नयेत म्हणून त्यांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, नजर सरळ रस्त्यावर ठेवली आणि मुलाकडच्यांच्या थाटात म्हणाले,

"पाहू."